ताई शाळा बघून येतात

शनिवारी सकाळी ताईंनी, म्हणजे बिट्टीच्या आईने, कपाटाच्या तळातून सपाट तळव्याच्या चपला काढल्या, तेव्हाच बिट्टीच्या बाबांनी ओळखलं, की आज कुणाची तरी धडगत नाही.

"अगं, शाळा बघायला चाललीयस की धाड घालायला?"

"बघायचं म्हणजे नीट बघायचं," ताई म्हणाल्या. "भिंतीवरची चित्रं बघून 'छान आहे हो' म्हणत परत यायचं असेल, तर तुम्ही जा."

"गेलो असतो. पण दुकान कोण उघडणार?" बाबांचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांच्या मते, शाळा घरापासून दोन वळणांवर आहे, एवढी एक गोष्ट पुरेशी होती. त्यापुढे शाळेत बघण्यासारखं काय असतं, हे त्यांना कळत नसे.

ताई वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसत. खिडकीच्या बाहेरून लोक सांगत, "कालपासून अंधार आहे." खिडकीच्या आतून साहेब सांगत, "सगळीकडे वीज चालू आहे." या दोघांच्या मध्ये बसून बसून ताईंचा ऐकीव गोष्टींवरचा विश्वास पार उडाला होता. त्या खुर्चीत बसण्याआधी खुर्ची हलवून बघत. नवीन छत्री घेतली, तर दुकानातच उघडमीट करत राहत आणि शेवटी तिची काडी मोडली, की "बघा, मला वाटलंच होतं" असं म्हणून दुसरी मागत.

आता प्रश्न बिट्टीचा होता. तिची जुनी शाळा पाचवीपर्यंतच होती. पुढे दोन वाटा होत्या. एक, दोन वळणांवरची सहावी ते आठवीची सरकारी शाळा. दुसरी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाची खाजगी शाळा. तिथे वन्संचा मुलगा जायचा आणि बसमध्ये इतका वेळ बसायचा, की घरी आल्यावर त्याला खुर्ची नको असायची. सोमवारपर्यंत काय ते ठरवायचं होतं.

तसं पाहिलं तर बिट्टी कुठल्याही शाळेत गुपचूप जाऊन बसली असती. तीच तर काळजी होती. पोरगी हुशार होती, पण तोंड उघडायची नाही. चौथीत वर्षभर बाई तिला दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारत होत्या आणि ही निमूटपणे "हजर" म्हणत होती. ताईंना हे कळलं ते थेट निकालाच्या दिवशी. "अगं, सांगितलं का नाहीस?" असं विचारल्यावर बिट्टी म्हणाली, "त्यांना वाईट वाटलं असतं." अशा मुलीला मोठ्या शाळेत ढकलायचं, तर आधी ती शाळा उलटीपालटी करून बघायला नको का?

निघता निघता वन्संचा फोन आला. "वहिनी, मी सांगते ऐक. ते तुला हॉल दाखवतील, वाचनालय दाखवतील. त्यातलं काही बघू नकोस. तू सरळ जाऊन संडास बघ. शाळेची खरी अवस्था तिथं कळते."

वन्संचं आणि ताईंचं एरवी कशावरच पटत नसे. पण या मुद्द्यावर दोघींचं एकमत झालं, आणि पुढचं सगळं या एकमतामुळेच घडलं.

शाळा दुमजली होती. भिंतींना नुकताच रंग दिलेला. कुणी टेकू नये म्हणून जिन्याच्या कठड्याला सुतळी बांधलेली. शनिवारची अर्धी शाळा असल्यामुळे वर्ग भरलेले होते आणि व्हरांड्यात नवे पालक आणि त्यांची मुलं असा घोळका उभा होता. मुख्याध्यापिका ठेंगण्या होत्या. चष्मा कायम कपाळावर आणि आवाज असा, की खालच्या मजल्यावर बोलल्या तर वरचा वर्ग गप्प बसावा.

"ही प्रयोगशाळा," त्या म्हणाल्या. पालकांनी माना डोलावल्या. ताईंनी आत जाऊन नळ सोडून बघितला. पाणी आलं. बंद करून बघितला. पाणी थांबलं.

"हे वाचनालय." ताईंनी एक पुस्तक काढून त्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून बघितलं.

"आणि सुरक्षिततेच्या बाबतीत सांगायचं, तर आम्ही दर महिन्याला आगीची रंगीत तालीम घेतो. घंटा झाली, की अख्खी शाळा रांगेनं मैदानावर."

"पण बंबाची खरी गाडी येऊन उभी राहिली, तर जमेल का?" ताईंनी विचारलं.

मुख्याध्यापिकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी ताईंना नीट बघून घेतलं. "तशी वेळ अजून आलेली नाही," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी. मग कळणार कसं?"

बिट्टीने आईची ओढणी हळूच ओढली. तिच्या भाषेत याचा अर्थ होता, आई, पुरे.

घोळका हॉलमध्ये जाऊन बसला. तोवर शाळेतलं जवळपास सगळं दाखवून झालं होतं, फक्त एक जागा सोडून. सगळ्यांच्या मनात त्या जागेबद्दलचाच प्रश्न होता आणि तो विचारायला कुणाची जीभ रेटत नव्हती. ताई मात्र विचारण्याच्या भानगडीत पडणाऱ्यातल्या नव्हत्याच. त्या बिट्टीच्या कानाशी वाकल्या.

"मी जरा संडास बघून येते. तू इथेच बस. आणि कुणाला काही सांगू नकोस हं."

बिट्टीने मान हलवली. न सांगण्याच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मुलींचे संडास व्हरांड्याच्या टोकाला होते. ताई दारातच थबकल्या, कारण वास आला नाही. त्यांना जरा निराश झाल्यासारखंच वाटलं. बेसिनजवळ साबण होता. नळाला पाणी होतं. फरशी कोरडी होती. ताईंनी एकेक दार ढकलून बघितलं आणि शेवटच्या खोलीत शिरल्या. इथे दार खालपासून वरपर्यंत भरीव होतं. छताजवळ एक छोटी जाळीची खिडकी होती, मैदानाच्या बाजूला उघडणारी. आता राहिली होती फक्त कडी. म्हणजे कडी नव्हे, आतून फिरवायची गोल मूठ होती.

ताईंनी ती फिरवली. दार बंद झालं. उलटी फिरवली. उघडलं. दुसऱ्यांदा भरभर करून बघितलं, तरी ठीक. मग त्यांच्या मनात आलं, की मुली काही अशा अलगद हाताने मूठ फिरवणार नाहीत. म्हणून तिसऱ्यांदा दार लावल्यावर ताईंनी ती मूठ, मैत्रिणीशी कडाक्याचं भांडण करून आलेली सहावीतली मुलगी फिरवील, तशी फिरवली.

मूठ हातात आली.

ताई काही वेळ मुठीकडे बघत राहिल्या. मग दाराकडे. मुठीच्या जागी एक भोक होतं आणि भोकात काहीतरी लोखंडी, बोटाला न लागणारं. त्यांनी मूठ परत बसवून बघितली, ती गरगर फिरली आणि दार ढिम्म हललं नाही. केसातली पिन घालून बघितली. पिन आत पडली.

सरळ हाक मारायची, एवढीच गोष्ट होती. पण हाक मारली तर काय होईल, ते ताईंच्या डोळ्यांपुढे आलं. मघाशी जिला आपण चार ठिकाणी नडलो, ती मुख्याध्यापिका येणार, चष्मा नाकावर घेणार आणि विचारणार, "काय झालं?" त्यापेक्षा एखादी मुलगी येईल, तिला हळूच सांगू, असं त्यांनी ठरवलं. तक्रार खिडकीवर त्या रोज लोकांना सांगत, "घाबरू नका, माणूस येतोय." तो माणूस येईपर्यंत कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

पावलं वाजली. दोन मुली आल्या होत्या.

"परत एकदा म्हण," एकीचा आवाज. "मी ऐकते. घाबरू नकोस, पालक काय खाणारेत का तुला?"

"सन्माननीय पालक आणि माझ्या नव्या मित्रमैत्रिणींनो," दुसरीचा आवाज थरथरत होता. "आमच्या शाळेचं सगळ्यात मोठं... सगळ्यात मोठं..."

"पुढचं आठव."

"आठवतंय. सगळ्यात मोठं... जाऊ दे, मला नाही जमणार. दुसऱ्या कुणाला तरी सांगायला सांग बाईंना."

"कशाला दुसऱ्या कुणाला? मी तुझ्या शेजारी उभी राहते. अडलीस तर हळूच सांगेन. चल, सगळ्यात मोठं..."

आत ताई ऐकत होत्या. पोरगी इतकी अडली होती, आणि शब्द तर समोर दिसत होता. ताईंना राहवेना.

"वैशिष्ट्य," त्या दाराआडून म्हणाल्या.

बाहेर पावलं एकदम मागे सरकली.

"तू बोललीस?"

"नाही. तू?"

"घाबरू नका गं मुलींनो," ताई घाईघाईने म्हणाल्या, "मी इथे..."

पुढचं किंकाळीत बुडालं. पावलं धावत सुटली, लांब गेली. व्हरांड्यात कुणीतरी दरडावलं, "आजच्या दिवशी हा काय पोरकटपणा? भूतबीत काही नसतं. चला हॉलमध्ये!" आणि पुन्हा सगळं सामसूम झालं. आता या बाजूला दुसरी मुलगी फिरकणार नाही, हे ताईंना कळून चुकलं.

शेवटी त्यांनी फोन काढला. रात्री तो चार्जिंगला लावायचा राहून गेला होता आणि आता तो शेवटचे श्वास मोजत होता.

"हॅलो, अहो, मी अडकलेय."

"कुठं?" बाबांच्या दुकानात गर्दीचा आवाज होता.

"शाळेत. हळू बोला."

"मी दुकानात आहे. मी कशाला हळू बोलू? कशात अडकलीयस?"

व्हरांड्यातून पुन्हा कुणीतरी चाललं होतं. संडासात अडकलेय, हे शब्द ताईंच्या तोंडून बाहेर पडेनात. "सगळं बंद झालंय हो. बाहेरच पडता येत नाहीये. बिट्टी तिकडे एकटी आहे. पण कुणाला सांगू नका. तुम्ही आधी..."

फोन गेला.

त्यानंतर जे झालं, ते ताईंना मागाहून तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाबांच्या पुढ्यात औषधं घ्यायला आलेल्यांची रांग होती आणि हाताखालचा माणूस रजेवर. दुकान टाकून धावणार कसं? कुणाला सांगायचं नव्हतं हे खरं, पण सख्खी बहीण म्हणजे काही 'कुणी' नव्हे, असा विचार करून त्यांनी वन्संना फोन लावला. "अक्का, ती शाळेत अडकलीय गं. सगळं बंद झालंय म्हणाली आणि फोनच तुटला. बिट्टीपण आहे तिथं."

वन्संनी वहिनी कशात अडकली असेल, याचा क्षणभर विचार केला आणि त्यांच्या मनात सरकारी इमारतींबद्दल जे साठलेलं होतं, ते सगळं एकदम वर आलं. त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला.

"आग लागलीय का?" तिकडून विचारलं.

"लागली नसेल तर लागेल! शाळा आहे, आत मुलं आहेत, आमची वहिनी अडकलीय. तुम्ही निघा आधी."

हॉलमध्ये मुख्याध्यापिका शिस्तीबद्दल बोलत होत्या, आणि बाहेर बंब ठणाणा करत आवारात शिरला. त्या बोलता बोलता थांबल्या. खिडकीतून बघितलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतः जाऊन घंटा दाबली.

ती घंटा नेमकी संडासाच्या बाहेरच्या भिंतीवर होती. ताई दचकून जागच्या जागी उडाल्या. मग त्यांना बंब ऐकू आला. मग जिन्यावरून उतरणाऱ्या शेकडो पावलांचा आवाज, धावणारा नव्हे, एका तालात उतरणारा. आणि कुणीतरी ओरडून सांगत होतं, "दप्तरं राहू द्या! हात धरा! चला!"

म्हणजे खरंच आग लागली होती.

आता ताईंनी लाजबीज सगळी सोडली. दार बडवलं, हाका मारल्या. तक्रार खिडकीवर कमावलेला सगळा आवाज पणाला लावला. पण घंटेपुढे त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. त्यांना धूर दिसत नव्हता, तरी धुराचा वास येऊ लागला. आणि मग एकदम बिट्टी आठवली. ती बाहेर पडली असेल का, की इथेच बस म्हटलं म्हणून बसून राहिली असेल? कुणी विचारलं, आई कुठंय, तर काय सांगेल? काहीच सांगणार नाही. कुणाला काही सांगू नकोस, असं आपणच बजावून आलो होतो आणि ही पोरगी सांगितलेलं ऐकते. ताईंचे हात दारावरच थांबले.

घंटा बंद झाली. मैदानावरून, जाळीच्या खिडकीतून, लाउडस्पीकरवर मुख्याध्यापिकांचा आवाज आला. "सहावीचे वर्ग?"

"सगळे आहेत, बाई!"

"सातवी?"

"सगळे!"

"आठवी? ...बरं. पाहुण्या पालकांपैकी कुणी आत राहिलंय का?" कुणीच काही बोललं नाही. मग बाजूला बोललेलंही माइकमधून ऐकू आलं. "नाही हो, आमच्याकडे कुणी अडकलेलं नाही. तुम्हाला कुणी फोन केला? कोण वहिनी?"

ताईंनी ओरडायला श्वास भरून घेतला.

"थांबा जरा," मुख्याध्यापिकांचा आवाज आला. "ही मुलगी काहीतरी म्हणतेय. काय गं बाळ? ऐकू नाही आलं. इथं बोल, या माइकमध्ये. सगळे गप्प बसा. तिला बोलू द्या."

लाउडस्पीकर नुसता खरखरत राहिला. बराच वेळ. मैदानावर अख्खी शाळा उभी होती, बंब उभा होता, आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. आत ताई ओरडायचं विसरून, तोंड तसंच उघडं ठेवून वर खिडकीकडे बघत होत्या.

"माझी आई राहिलीय," बिट्टी म्हणाली.

"कुठे राहिलीय?"

पुन्हा खरखर. "सांगू नको म्हणालीय."

"अगं, पण सांगितलं नाहीस तर हे काका तिला सोडवणार कसे?"

हा मुद्दा बिट्टीला पटला असावा. कारण यानंतर जो आवाज आला, तो मैदान ओलांडून, रस्ता ओलांडून, समोरच्या गच्च्यांपर्यंत गेला. "संडासात! ती संडास बघायला गेलीय. ती सगळीकडचे बघते. हॉटेलातले पण!"

अख्खी शाळा हसली. आत ताईंना आधी हसू आलं आणि मग डोळ्यांना पाणी. बिट्टीचा एवढा मोठा आवाज त्यांनी तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच ऐकला होता.

जड बूट वाजत आले.

"बाई, दारापासून लांब उभ्या राहा," बंबावरचे प्रमुख बाहेरून म्हणाले.

"लांब कुठं उभी राहू? इथं लांब असं काही नाहीये!"

"दार तोडू नका हं," हा मुख्याध्यापिकांचा आवाज. "दारं नवीन आहेत."

"अहो, आग लागलीय ना?" ताई आतून ओरडल्या.

"आगबीग काही नाही. आम्हाला तुमच्यासाठीच बोलावलंय."

प्रमुखांनी स्क्रू काढायचा पेचकस मागवला. जरा खुडबुड झाली आणि दार उघडलं. समोर प्रमुख, मुख्याध्यापिका, बिट्टी, शेवटी दुकान टाकून पांढऱ्या कोटातच धावत आलेले बाबा, आणि सगळ्यांच्या मागे टाचा उंचावून बघणाऱ्या वन्सं. आत ताई, हातात मूठ घेऊन.

मुख्याध्यापिकांनी चष्मा नाकावर घेतला. "ही कशी काय निघाली?"

खोटं सांगायला जागा होती. पण हातात मूठ असताना काय खोटं बोलणार? "मी बघत होते," ताई म्हणाल्या.

"काय?"

"किती ताण सोसते ते."

मुख्याध्यापिकांनी मूठ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "वर्षभर शेकडो मुली फिरवतायत ही," त्या सावकाश म्हणाल्या. "जरा हळू फिरवत असाव्यात." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच खरं हसू आलं. "पण बाई, तुमचे उपकारच झाले. मघाशी तुम्ही विचारलं होतंत ना, खरी गाडी आली तर जमेल का? जमलं. काका, सांगा त्यांना."

"छान जमलं," प्रमुख म्हणाले. "कुणी पळालं नाही, कुणी पडलं नाही. असं फार ठिकाणी बघायला मिळत नाही. आता पुढच्या वेळी मात्र नुसती हाक मारा. गाडी लागत नाही त्याला."

बाबांनी वन्संकडे बघितलं. वन्सं जाळीच्या खिडकीकडे बघू लागल्या.

मैदानावर आल्यावर ताईंना वाटलं, मान खाली घालून सरळ फाटक गाठावं. पण पाहुण्या पालकांनी त्यांना गराडाच घातला. सकाळपासून नुसत्याच माना डोलावणारे एक गृहस्थ पुढे झाले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कसे आहेत हो?"

"काय कसे आहेत?"

"म्हणजे... आतले. तुम्ही बराच वेळ होतात ना, म्हणून म्हटलं."

सगळे पुढे सरकले. थोड्या अंतरावर मुख्याध्यापिका श्वास रोखून उभ्या होत्या. ताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा शाळेकडे.

"स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "मी राहून बघितलंय. पाणी आहे, साबण आहे, वरून वारा येतो. आमच्या ऑफिसात असा असता, तर मी बदली मागितली नसती."

गर्दीतून एक आठवीतली मुलगी वाट काढत आली. "काकू, मघाशी 'वैशिष्ट्य' तुम्हीच म्हणालात?"

"हो गं. मीच."

"म्हणजे भूत नाहीये?"

"नाही."

"अरे देवा," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "मी अख्ख्या शाळेला सांगून बसले."

संध्याकाळी घरी बाबा, वन्सं आणि ताई अशी तिघं बसली. वन्संनी परत येताना शाळेतल्या बेसिनवर हात धुऊन बघितले होते आणि "बरं आहे तसं" एवढी सवलत दिली होती. बाबा म्हणाले, "मी तर आधीच सांगत होतो. दोन वळणांवर आहे."

ताईंनी मात्र कुणालाच विचारलं नाही. त्या बिट्टीजवळ जाऊन बसल्या. "आज सगळे हसले ना गं? तुला फार वाईट वाटलं?"

"आधी वाटलं."

"मग त्या शाळेत जायला नकोच वाटत असेल."

बिट्टीने आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "जाईन मी," ती म्हणाली.

"संडास चांगले आहेत म्हणून?"

"नाही. त्या बाई मी बोलेपर्यंत थांबल्या." ती जरा घुटमळली. "नाहीतर मी गप्प बसले, की सगळे पुढे जातात."

ताईंनी त्या दिवशी नळ बघितले होते, पुस्तकांवरची धूळ बघितली होती, मुठीचा ताण बघितला होता. हे मात्र त्यांनी बघितलं नव्हतं. त्या उठल्या आणि सोमवारी सकाळी त्यांनी बिट्टीचं नाव सरकारी शाळेत घातलं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी ताईंचा ऑफिसात जीव लागेना. मुलं चिडवतील, 'संडासवाल्या काकूंची मुलगी' म्हणतील, आणि ही पोरगी तेसुद्धा वर्षभर निमूटपणे ऐकून घेईल, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. त्या अर्धी रजा टाकून शाळा सुटायच्या आधीच फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

घंटा झाली. मुलं लोंढ्यासारखी बाहेर पडली. त्यांच्या शेवटी बिट्टी आली, तीन मुलींच्या मधोमध. त्या तिच्याशी एकदमच बोलत होत्या. तिघींनी तिला हात केला आणि त्या निघून गेल्या. बिट्टीचा चेहरा मात्र काळजीने एवढासा झाला होता.

"काय झालं गं? चिडवलं का कुणी?"

"नाही. उलटंच झालंय." बिट्टीने दप्तर आईच्या हातात दिलं. "आई, त्या सगळ्यांना मी माइकवाली मुलगी म्हणून माहितीये. त्यांना वाटतं, मी फार धीट आहे. अख्ख्या शाळेपुढे बोलले ना, म्हणून."

"अगं, मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कुठलं? वर्गाचा मॉनिटर निवडायचा होता. सगळ्यांनी माझंच नाव घेतलं." ती रडवेली झाली होती. "मग बाईंनी विचारलं, 'कुणाची काही हरकत आहे का?'"

"मग?"

"माझी होती," बिट्टी म्हणाली. "पण एवढ्या सगळ्यांपुढे बोलणार कसं?"